दिवेलागणीनंतरची भूक

रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी स्वयंपाकघरात, दिवा न लावता, कुंद्याचा डबा उघडून उभी होते. बेळगावात राहणाऱ्याला कुंदा म्हणजे काय हे सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की दूध आटवून आटवून तांबूस, रवाळ केलेला तो पदार्थ एकदा जिभेला लागला की चमचा थांबत नाही. तीन चमचे झाले, चौथा भरला, तेवढ्यात मागून ह्यांचा आवाज आला, "काय करूलालीस गं अंधारात?" मी म्हटलं, "पाणी प्यायला आले." तोंडात कुंदा असताना हे वाक्य कसं ऐकू येतं, ते ज्यानं बोलून पाहिलंय त्यालाच ठाऊक.

तेव्हा माझं वय छप्पन्न. साखर काठावर आली होती, जिना चढताना गुडघे बोलू लागले होते आणि डॉक्टरांनी आठ किलो उतरवायला सांगितलं होतं. एका आहारतज्ज्ञ बाईंनी कागद लिहून दिला. सकाळी चार चमचे ओट्स, दुपारी एक फुलका आणि भाजी, संध्याकाळी साडेपाचला काकडी-टोमॅटो आणि वाटीभर सूप. त्यानंतर सकाळपर्यंत काही नाही. कागद वाचून मला चक्क अभिमान वाटला. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हे तर आमच्याच घरचं! आज्जीनं जन्मभर पाळलं, आईनं बरंचसं पाळलं, मी नोकरीच्या रगाड्यात सोडलं. आता परत धरू, त्यात काय मोठंसं, असं वाटलं. चार दिवस धरलं. पाचव्या रात्री कुंदा. मग एक दिवसाआड काही ना काही, कधी चिवडा, कधी नातवाची बिस्किटं. आणि दिवा नेहमी बंद. अंधारात खाल्लेलं मोजायचं नसतं, अशी काहीशी माझी समजूत होती.

शरम वजनाची नव्हती. आज्जीला जे साठ-सत्तर वर्षं सहज जमलं ते मला पाच रात्री जमेना, याची होती. मला एखादी गोष्ट जमत नसली की मी तिचा इतिहास वाचायला बसते, ही माझी जुनी खोड. तेव्हा बसले.

रात्री न जेवण्याचा नियम आपल्याकडे फार जुना. साधूंसाठी तर तो पाच महाव्रतांच्या जोडीला सहावा म्हणून दशवैकालिकसूत्रात सांगितलेला आहे. श्रावकासाठी समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अकरा पायऱ्या सांगितल्या, त्यांतली सहावी रात्रिभुक्तिविरतीची. अन्न, पेय, खाद्य आणि चाटण, चारही रात्री वर्ज्य. पुढे तेराव्या शतकात माळव्यातल्या नालछा इथं राहून लिहिणाऱ्या पंडित आशाधरांनी हिशोब आणखी काटेकोर केला. नुसता सूर्यास्त पाळून भागत नाही, दिवसाचा पहिला आणि शेवटचा मुहूर्तही सोडावा, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं अलीकडेच हात धुवून मोकळं व्हावं. माझी नणंद ग्वाल्हेरला दिलेली. तिच्या शेजारची बुंदेलखंडी जैन कुटुंबं संध्याकाळच्या जेवणाला 'अंथऊ' म्हणतात. सूर्य 'अनस्तमित', म्हणजे मावळलेला नसताना केलेलं जेवण, असा त्या शब्दाचा माग लागतो. त्याच ग्वाल्हेरात पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळी, रइधू नावाचा अपभ्रंश कवी होऊन गेला. त्याच्या रचनांत एक 'अणथमी कथा' आहे, ती याच व्रतावरची. म्हणजे हा नियम नुसता पंडितांच्या पोथीत नव्हता. लोकांनी तो कथा म्हणून ऐकला, रोजच्या बोलण्यात मुरवला.

कारणं मात्र वाचण्यासारखी आहेत. हेमचंद्राचार्य बाराव्या शतकातले, पाटणचे, कुमारपाल राजाचे गुरू. त्यांच्या योगशास्त्रात रात्रीच्या ताटात काय काय पडू शकतं याची यादीच आहे. मुंगी पोटात गेली तर बुद्धी जाते, ऊ गेली तर जलोदर, माशी गेली तर ओकारी, कोळी गेला तर कोड, भाजीत विंचू आला तर टाळूच फुटते. आज आपण हसू, पण तेलाच्या एका वातीच्या उजेडात जेवणाऱ्या माणसाच्या जागी बसून बघावं. माझ्या लहानपणी, चिकोडी तालुक्यातल्या आमच्या गावी वीज यायच्या आधी, पावसाळ्यात रॉकेलच्या चिमणीभोवती पाखरांचा जो खच पडायचा तो मी पाहिलाय. त्या उजेडात आमटी वाढली तर आमटीत काय असेल ते सांगता येत नसे. जीवदया आणि स्वतःचा जीव, दोन्ही एकाच वातीखाली बसलेले.

पण मी थबकले ते अमृतचंद्राचार्यांपाशी. दहाव्या शतकातल्या त्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात एक वाकडा प्रश्न विचारणारा माणूस येतो. तो म्हणतो, सतत खाण्यात हिंसा असेल तर दिवसा जेवण सोडू आणि रात्री जेवू, हिशोब सारखाच! आचार्य उत्तर देतात की सारखा नाही. दिवसाच्या जेवणापेक्षा रात्रीच्या जेवणात राग अधिक असतो. राग म्हणजे संताप नव्हे, ओढ, आसक्ती. पुस्तक मांडीवर ठेवून मी काही वेळ नुसती बसले. कुंद्याच्या डब्यापाशी माझी जी अवस्था होती, तिला पोटाची भूक म्हणणं कठीणच होतं. दुपारी बाराला तोच डबा समोर असतो आणि मी एक चमचा घेऊन झाकण लावते. रात्री झाकण लागत नाही.

आणखी एक गोष्ट सापडली, तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. कमी खाण्याचं तप आपल्याकडे वेगळं आहे, त्याला अवमौदर्य किंवा ऊनोदर म्हणतात. पोट थोडं ऊन, म्हणजे थोडं कमी ठेवायचं. पण कमी कशापेक्षा, हे आधी ठरवावं लागतं. जुन्या ग्रंथांत पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घास आणि स्त्रीचा अठ्ठावीस धरला आहे. घास केवढा? वीरसेनांच्या धवला टीकेत त्याचं माप आहे, हजार तांदळांचा भात म्हणजे एक घास. मी एक दिवस दुपारी हजार तांदूळ मोजले. (घरातल्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं ते जाऊ द्या.) काट्यावर ठेवले तर साधारण वीस ग्रॅम भरले. अठ्ठावीस घासांचे झाले साडेपाचशे ग्रॅमच्या वर, तेही कोरडे तांदूळ! दिवसातून एकदाच जेवणाऱ्याचं ते माप असेल, पण भरलेलं पोट म्हणजे काय याची त्यांची कल्पना ही होती. त्यातून एक-दोन घास कमी करणं हेही तप गणलं जाई. माझ्या कागदावरचं सूप या हिशोबात कुठल्या घासात बसवायचं, मला कळेना.

थोडक्यात, रात्रीचं ताट काढून घेणाऱ्यांनी दिवसाचं ताट भरलेलं धरलं होतं. माझ्या कागदानं दोन्ही काढून घेतली होती.

इथवर येऊन मला वाटलं, उत्तर सापडलं, आज्जी दिवसा पोटभर जेवत होती म्हणून तिला रात्री भूक लागत नव्हती. ते खरंच आहे. सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला अशी तिची दोन जेवणं, ज्वारीच्या दोन-दोन भाकऱ्या, गवारीची नाहीतर दोडक्याची भाजी, मुगाचं वरण, भात, वर तूप. रात्री आठला ती झोपलेली असायची. पण ते आज्जीचं झालं. घरातल्या सगळ्या बायकांचं तसं नव्हतं, हे मला धाकट्या काकूनं सांगितलं तेव्हा कळलं.

आमच्याकडे सूर्य मावळायची वेळ वर्षभरात तासभर मागेपुढे होते. नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या सुमारास, जुलैत सातच्या पुढे. गडी माणसं शेतातून यायची ती दिवस कलल्यावरच. आधी त्यांची पंगत, मग पोरं, मग मोठ्या बायका, शेवटी सुना. आज्जी अंगणात येऊन तळहात डोळ्यांपुढं धरायची. रेषा दिसेनाशा झाल्या की जेवण बंद. हिवाळ्यात धाकट्या काकूचं पान वाढायच्या आत रेषा दिसेनाशा व्हायच्या. सोळा-सतरा वर्षांची पोर, दिवसभर पाणी, दळण, भांडी, आणि रात्री पोटात काही नाही. तिला कोणी उपाशी ठेवलं असं नाही. व्रत सगळ्यांना सारखंच होतं, फक्त पंगत सारखी नव्हती. तिची भूक व्रताच्या खात्यात जमा व्हायची. शेजारणी म्हणायच्या, धाकटी किती कडक पाळते हो!

काकू काय करायची? गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी वाकळांच्या थरात खुपसून ठेवायची. सगळे निजले की अंधारात एकेक दाणा दाढेखाली धरून, आवाज न करता खायची. हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती पंचाहत्तरीच्या पुढे होती, आणि तरी आवाज खाली गेला होता.

आता थोडं लांब जाऊ. आज्जीकडे रात्री न खाण्याचं कारण जीवदया होतं, माझ्याकडे वजन. हे दुसरं कारण जगात कुठून आलं, ते बघायला विलायतेला जावं लागतं.

विलियम बँटिंग हा लंडनचा अंत्यविधीची व्यवस्था करणारा प्रतिष्ठित माणूस. ड्यूक ऑफ वेलिंग्टनची १८५२ सालची भव्य अंत्ययात्रा याच घराण्याकडे होती. उंची पाच फूट पाच इंच, आणि १८६२ साली, वयाच्या पासष्टीच्या पुढे, वजन २०२ पौंड, म्हणजे ९२ किलोच्या आसपास. वाकून बुटाची नाडी बांधता येईना, जिना उलटा उतरावा लागे. कोणी सांगितलं म्हणून पहाटे नदीत वल्ही मारायला जाऊ लागला, तर स्नायू बळकट झाले आणि भूकच दांडगी झाली. (हे वाचून मला आमच्या टेकडीवर फिरून येऊन इडली-वड्यावर बसणाऱ्या मंडळींची आठवण झाली.) शेवटी कानाच्या तक्रारीसाठी तो विलियम हार्वी या डॉक्टरकडे गेला आणि त्यानं पाव, लोणी, दूध, साखर, बिअर, बटाटे बंद केले. वर्षभरात ४६ पौंड उतरले. १८६३ साली बँटिंगनं त्यावर एक छोटी पुस्तिका काढली, 'लठ्ठपणाविषयी पत्र' अशा अर्थाच्या नावाची. ती इतकी पसरली की त्याच्या आडनावाचं क्रियापद झालं. स्वीडिश भाषेत वजन उतरवणं याला आजही 'बांटा' म्हणतात.

त्याचा आहार मांसाहारी, आपल्या कामाचा नाही. पण वेळापत्रक बघा. सकाळी भरपेट, दुपारी दोनला मुख्य जेवण, संध्याकाळी चहा, रात्री नऊला पुन्हा तीन-चार औंस मांस किंवा मासे. आणि झोपताना गरज वाटलीच तर साखर न घातलेल्या दारूचा एक पेला! वजन उतरवण्याच्या पहिल्या गाजलेल्या पुस्तकात रात्रीच्या भुकेची सोय अशी लेखकानं आधीच करून ठेवलेली. रात्री खाऊ नये हा विचार त्याला शिवलाही नव्हता, कारण तोवर लंडन दिव्यांचं शहर झालं होतं. तिथं रस्त्यावर गॅसचे दिवे १८०७ पासून दिसू लागले होते. शंभर वर्षांपूर्वी दुपारी होणारं मोठ्या लोकांचं मुख्य जेवण हळूहळू रात्री सात-आठपर्यंत सरकलं होतं. मुंबईत गॅसचे दिवे १८६५ साली आले. आमच्या गावी वीज यायला त्यानंतर शंभर वर्षं लागली. आल्यावर पहिल्या वर्षभरात आज्जीचे मुलगे रात्री आठला जेवू लागले. आज्जी बल्बकडे बोट दाखवून म्हणाली होती, "ह्यो दिवस न्हवं." पण दिवस लांबला तो लांबलाच.

मग अमेरिका. १९१८ साली कॅलिफोर्नियाच्या लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंनी आहारावर पुस्तक लिहिलं आणि सामान्य बायकांच्या तोंडी कॅलरी हा शब्द बसवला. त्या स्वतः बऱ्याच जाड होत्या, सत्तर पौंड उतरवलेल्या. पावाचा तुकडा म्हणू नका, पावाच्या शंभर कॅलरी म्हणा, असा त्यांचा धडा. महायुद्धाचे दिवस होते, अन्न वाचवायचं होतं. अंगावर चरबी साठवणं म्हणजे जणू देशाचं धान्य दडवणं, असा सूर त्यांनी लावला. बाराशे कॅलरींचा जो आकडा आजही आपल्या बायकांच्या कागदांवर दिसतो, तो त्यांच्या पुस्तकात आहे. इथून भुकेला अपराधाचा वास आला असं मला वाटतं. आज्जीच्या व्रतात चुकलं तर प्रायश्चित्त होतं, घेतलं की विषय संपला. कॅलरीच्या वहीत प्रायश्चित्ताचा रकाना नाही, फक्त बेरीज आहे.

आणि आता ज्या बाईसाठी मी हा सगळा प्रवास केला असं म्हणेन, ती जीन नायडेच. १९६१ साल, न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग, अडतीस वर्षांची गृहिणी, दोन मुलं, वजन २१४ पौंड. बाजारात भेटलेल्या ओळखीच्या बाईनं तिला गरोदर समजून विचारलं, कितवा महिना? ती शहराच्या आरोग्य खात्याच्या लठ्ठपणाच्या दवाखान्यात गेली. तिथल्या तक्त्यात एक नियम असा होता की कुठलंही जेवण चुकवायचं नाही. दहा आठवड्यांत वीस पौंड उतरले. पण एक गोष्ट तिनं दवाखान्यात सांगितली नव्हती. चॉकलेटच्या बिस्किटांचे पुडे ती न्हाणीघरातल्या मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपवत होती आणि रात्री खात होती.

मळक्या कपड्यांची टोपली! हे वाचलं आणि मला काकूच्या वाकळा दिसल्या. एकीकडे खाऊन खाऊन दमलेली बाई, दुसरीकडे जेवायलाच न मिळालेली पोर. तरी दोघींनी जागा निवडली ती एकच, जिथं घरातलं दुसरं कोणी हात घालत नाही. कपडे आणि अंथरुणं, बायकांच्या कामाची जागा.

नायडेचनं पुढं काय केलं ते अधिक महत्त्वाचं. तिनं सहा जाड मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यापुढं त्या बिस्किटांचा कबुलीजबाब दिला. मैत्रिणी हसल्या नाहीत. त्यांनी आपापल्या लपवण्याच्या जागा सांगितल्या. दर आठवड्याला जमायचं ठरलं, सहाच्या चाळीस झाल्या, आणि १९६३ साली त्यातून 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली. पुढं ती प्रचंड मोठी झाली, १९७८ साली विकली गेली, त्याचा धंदा झाला. तो भाग मला फारसा भावत नाही. पण सहा बायका आणि एक कबुलीजबाब, याला मी इतिहास म्हणते. आपल्याकडे प्रतिक्रमणात आपल्या चुका बोलून दाखवायची रीत आहे. कुंद्याचं मात्र मी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

डॉक्टरांनी ही गोष्ट नायडेचच्याही आधी पाहिली होती. १९५५ साली न्यूयॉर्कच्याच ॲल्बर्ट स्टंकार्ड यांनी आपल्या काही लठ्ठ रुग्णांवर लेख लिहिला. सकाळी भूक नाही, संध्याकाळनंतर खूप खाणं आणि झोप न येणं, अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसतात आणि ताणाच्या काळात बळावतात, हे त्यांनी मांडलं. रात्रीच्या खाण्याला आजार म्हणून नाव मिळालं ते असं. माझ्यासारखीचं अधूनमधून डबा उघडणं म्हणजे तो आजार नव्हे. पण कोणी रोज रात्री उठून खात असेल, खाल्ल्याशिवाय झोपच येत नसेल, तर ते मनाच्या दुबळेपणाचं लक्षण समजून गप्प बसू नये, डॉक्टरांना सांगावं.

अलीकडचे प्रयोग मी थोडक्यात सांगते. अमेरिकेत २०१३ साली बारा निरोगी माणसांना तेरा दिवस मंद उजेडात ठेवून, जेवणाझोपेच्या वेळा फिरवत नेऊन बघितलं, तर भूक शरीराच्या आतल्या घड्याळाप्रमाणे सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त निघाली. कधी खाल्लं, किती झोपलं, याचा संबंध वगळूनही. २०२२ साली सोळा जाड माणसांवर दुसरा प्रयोग झाला. तेच अन्न, पण सुमारे चार तास उशिरा. उशिरा जेवणाऱ्यांना भूक अधिक लागली, तृप्तीचा निरोप देणारं लेप्टिन कमी भरलं, शरीर ऊर्जाही कमी जाळू लागलं. आणि झोप कमी पडली की भूक वाढते, हे त्याआधी २००४ सालीच तरुण मुलांवर दिसलं होतं. दोन रात्री चार-चार तास झोप मिळाली एवढ्यावर भुकेचं घ्रेलिन चढलं आणि लेप्टिन उतरलं.

हे वाचून 'बघा, आमच्या शास्त्रात आधीच होतं' असं म्हणायचा मोह होतो. सभेत कोणीतरी म्हणतंच आणि टाळ्या पडतात. मी म्हणणार नाही. अमृतचंद्रांना जीवांची आणि आसक्तीची काळजी होती, कमरेच्या घेराची नव्हे. एवढंच म्हणेन, रात्रीची ओढ दिवसापेक्षा वेगळी असते हे त्यांनी माणसांकडे नीट बघून ओळखलं होतं.

काकूची गोष्ट अर्धी राहिली. एका चातुर्मासात ती पोटुशी होती आणि विहिरीपाशी चक्कर येऊन पडली. त्याच दिवसांत, जरा ऊन पडलं म्हणून आज्जीनं वाकळा बाहेर काढल्या, तेव्हा पुरचुंडी खाली पडली. काकू चुलीपाशी बसून बघत होती, जीव मुठीत. आज्जीनं पुरचुंडी उचलली, सोडली, बघितली, पुन्हा बांधली आणि वाकळ वाळल्यावर होती तिथंच ठेवली. एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळ्यांपुढं म्हणाली, "आजपास्नं बायकांची पंगत पैली. पाच वाजता. गडी माणसं आली की आपलं आपण वाढून घेतील." आजोबा रुसले, थोरल्या काकांनी दोन दिवस भाकरी मोडून नुसती चिवडली. आज्जी बधली नाही. व्रतात तिनं तसूभर ढिलाई केली नाही, तळहाताच्या रेषा शेवटपर्यंत बघितल्या. फक्त पंगतीचा क्रम उलटा केला. काकूनं पुरचुंडी बांधणं कधी सोडलं, ते तिला आठवत नाही. "लागंनाच झाली," म्हणाली.

मीही तो कागद बदलून घेतला. दुसऱ्या डॉक्टरांना सरळ सांगितलं की साडेपाचच्या सुपावर माझी रात्र निघत नाही. (साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे विचारल्याशिवाय रात्रीचं पोट रिकामं ठेवूच नये. घाम सुटून, हात थरथरून लागणारी भूक वेगळी असते, ती साखर खाली गेल्याची असते आणि तिला लगेच काहीतरी द्यावं लागतं.) आता सकाळी नीट खाते, मुगाचं धिरडं किंवा उसळ. संध्याकाळी सहाच्या आत दीड भाकरी, भरपूर भाजी, वाटीभर घट्ट डाळ. पहिले आठ दिवस दहा वाजता सवयीनं पाय स्वयंपाकघराकडे वळायचे. तेव्हा ध्यानात आलं की दहा वाजता मला भूक लागत नाही, दहा वाजता मालिका संपते आणि मला कंटाळा येतो. साडेदहाला झोपायला लागले. कुंदा बंद केला नाही. तो दुपारी तीनला, बशीत, उजेडात, दोन चमचे.

नियम घेतला आहे का, असं विचाराल तर नाही. वजनासाठी व्रत घेणं मला पटत नाही, आणि जीवदयेसाठी घ्यायची माझी अजून तयारी नाही. महिन्यातून एखादी रात्र अशी येते की खरोखर पोटात कालवतं. तेव्हा मी दिवा लावते, पाटावर बसते, कपभर दूध गरम करून पिते. दोषच लागायचा तर उजेडात लागो. सात महिन्यांत चार किलो उतरले. डॉक्टर आठ म्हणाले होते, त्यांना सांगितलंय, बाकीचे सावकाश.

धाकटी काकू आता चौऱ्याऐंशीची. अजून दिवसाउजेडी जेवते आणि साडेसहाला फोन करते.

"जेवलीस काय गं?"

"जेवले."

"किती भाकऱ्या?"

"दीड."

"दीड म्हंजे? ऱ्हायलेली अर्धी कुणासाठी ठेवलीस?"